जुना फोर-बे नॅस, नव्या मोठ्या डिस्क : पावसाआधी उरकू की चवथीनंतर?

अंत्रुजकर · ६ मे, रात्री १०.१२

आमच्या नाट्यमंडळाच्या खोलीत सिनॉलॉजी कंपनीचा डीएस४१४ नॅस (नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारी, डिस्क बसवलेली पेटी) आहे, २०१४ साली घेतलेला. चार बे (डिस्कचे कप्पे), त्यात २ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ (एक डिस्क गेली तरी माल वाचतो अशी जोडणी). कागदावर ६ टीबी, पडद्यावर साडेपाचच्या आतच दिसतात, आणि आता त्यातले दोनतीनशे जीबी उरलेत. आत काय आहे? कालोत्सवातल्या नाटकांची चित्रीकरणे (मिनी डीव्ही कॅसेटवरून उतरवून घेतलेली जुनी धरून), हस्तलिखित संहितांचे स्कॅन, सप्ताहातल्या भजनांची ध्वनिमुद्रणे, जत्रेचे फोटो. ज्यांच्या आवाजातले आहे त्यातले बरेच जण आज नाहीत.

डिस्क मूळच्याच. तीन नंबरच्या डिस्कचे रीअॅलोकेटेड सेक्टर (खराब म्हणून बाजूला टाकलेले तुकडे) काही महिन्यांपासून वाढताहेत, पेंडिंग सेक्टरही (वाचताना अडणारे) दिसू लागलेत. नॅस मात्र अजून हिरवा दिवा दाखवून 'नॉर्मल' म्हणतो.

समितीने पैसे मंजूर केलेत, पण नव्या पेटीचे आणि नव्या डिस्कचे मिळून नव्हेत. माझा बेत असा : ८ टीबीच्या चार डिस्क घ्यायच्या आणि एकेक बदलत जायचे. जूनच्या आधी उरकावे की चवथ झाल्यावर निवांत करावे? फोंड्याकडे पावसात विजेचे काय होते ते तुम्हाला ठाऊकच आहे.

कुळागर · ६ मे, रात्री १०.४०

यात विचारण्यासारखे काय आहे? तीन नंबर ओढून काढ, नवी सरकव, स्टोरेज मॅनेजरमध्ये 'रिपेअर' दाब, झोपायला जा. सकाळी पुढची. चारही झाल्या की व्हॉल्यूम (वापरायची एकूण जागा) वाढव. नॅस बंदसुद्धा करावा लागत नाही. मी माझ्या टू-बेवर असेच केले, काही झाले नाही.

सुकतीभरती · ६ मे, रात्री ११.५५

अंत्रुजकरबाब, जरा थांबा. काही काढू नका, काही ओढू नका. पहिला प्रश्न : या सगळ्याची दुसरी प्रत कुठे आहे? तुमच्या लिहिण्यावरून मला वाटते, कुठेच नाही.

कुळागरने सांगितलेली रीत चुकीची नाही, कंपनीही तीच सांगते. पण त्याच्याकडे दोन डिस्कचा मिरर होता, दोन्हींवर तोच माल. रेड ५ मध्ये एक डिस्क बाहेर काढली की तुम्ही दोरीवर चालता, खाली जाळी नाही. नवी डिस्क भरायला नॅस उरलेल्या तीनही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचतो. त्या तिघी तीन नंबरच्याच वयाच्या, बहुधा एकाच खोक्यातून आलेल्या. ज्या कोपऱ्यात दहा वर्षे कुणी फिरकले नाही तिथला सेक्टर वाचता आला नाही, तर हे त्याच रात्री कळणार. आणि असे एकदा नाही, चारदा करायचे.

घरगुती डिस्कच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या चुकीचे प्रमाण १०^१४ बिटांमागे एक असे दिलेले असते, म्हणजे साधारण १२.५ टीबी वाचनामागे एक. तुमच्या एका रिबिल्डला (एक नवी डिस्क भरण्याला) ६ टीबी वाचन. हा कागदावरचा वाईटात वाईट आकडा आहे, खऱ्या डिस्क त्यापेक्षा पुष्कळ बऱ्या वागतात, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण जिचे पेंडिंग सेक्टर वाढताहेत तिच्या बहिणींवर मी तरी एवढा भरवसा ठेवणार नाही.

आता दुसरी गोष्ट, जी पैसे खर्च करण्याआधी कळलेली बरी. डीएस४१४ मध्ये मार्व्हेल आर्माडा एक्सपी आहे, १.३३ गिगाहर्ट्झचा ड्युअल कोअर, १ जीबी रॅम. हा ३२ बिट प्रोसेसर आहे. ३२ बिट लिनक्सवर ४ केबीचे ब्लॉक धरून एक व्हॉल्यूम १६ टीबीच्या पलीकडे जात नाही. तुमच्या ८ च्या चार डिस्कचे रेड ५ म्हणजे कागदावर २४, नॅसच्या मोजणीने जवळजवळ २२. तुमचा व्हॉल्यूम १६ ला अडकणार, उरलेल्यासाठी दुसरा व्हॉल्यूम करायचा. एक अख्खी डिस्क जवळपास फुकट घेतल्यासारखी.

आणि उद्या चांगल्या ६४ बिट पेटीत याच डिस्क हलवल्यात तरी तो १६ चा अडथळा त्यांच्यासोबत जातो, कारण ३२ बिट मशीनवर बनवलेल्या ईएक्सटी४ मध्ये (लिनक्सची फाइली ठेवण्याची पद्धत) ६४ बिटची सोय चालू नसते. तिथे व्हॉल्यूम पुसून नवाच करावा लागतो.

अंत्रुजकर · ७ मे, सकाळी ७.३०

दुसरी प्रत नाही. रेड आहे म्हणजे सुरक्षित आहे असे दुकानदाराने सांगितले होते, समितीलाही तसेच वाटते.

१६ टीबीचे ठाऊक नव्हते. मग काय घ्यावे?

पुण्यातला_गोंयकार · ७ मे, सकाळी ९.०५

क्लाउडवर टाका आणि मोकळे व्हा. कशाला त्या खटखटणाऱ्या पेट्या सांभाळायच्या?

सुकतीभरती · ७ मे, सकाळी ९.२०

मित्रा, पाच टीबी. अपलोड २० एमबीपीएस मिळाला, तोही अखंड, तर साधारण २३ दिवस. १०० एमबीपीएस मिळाला तरी साडेचार दिवसांच्या वर. मग दर महिन्याचे भाडे, आणि मंडळाचा खजिनदार बदलला की कार्ड कुणाचे हा वाद. संहितांचे स्कॅन आणि निवडक ध्वनिमुद्रणे क्लाउडवर जरूर ठेवा, ती फार जागा खात नाहीत. सगळे चित्रीकरण नको.

वाळवंटीकाठ · ७ मे, दुपारी १.४५

मी साखळीहून. कामानिमित्त लिनक्सच्या सर्व्हरशी रोजची गाठ, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

अंत्रुजकर, तुम्ही एकेक डिस्क बदलूच नका. दुसरी प्रत काढावी तर लागणारच आहे. ती एकदा हातात आली की रिबिल्डची चार नाटके करण्याचे कारणच उरत नाही. जुन्या चारही डिस्क एकत्र बाहेर काढा, नव्या घाला, नव्याने व्हॉल्यूम बांधा, प्रतीवरून माल परत ओता.

यात सगळ्यात मोठा फायदा कुणी बोलले नाही तो : जुना संच अखंड राहतो. एकेक बदलत गेलात तर पहिली डिस्क बाहेर आल्या क्षणापासून जुने रेड मोडले. मध्ये काही बिघडले तर बाहेर काढलेल्या डिस्क परत लावून मागे जाता येत नाही, कारण दरम्यान आतला डेटा बदललेला असतो. चारही एकाच वेळी, नॅस बंद करून काढल्यात तर तो संच कपाटात तिसरी प्रत म्हणून बसतो. नवे काही जमले नाही तर पुन्हा नॅस बंद करून चारही जुन्या लावायच्या, जुनी सिस्टिम जशीच्या तशी उठते. सिनॉलॉजीत डीएसएम (नॅसची सिस्टिम) प्रत्येक डिस्कवरच्या छोट्या पार्टिशनवर असते, पेटीत नसते, म्हणून हे शक्य होते. काढण्याआधी मार्करने डिस्कवर १ ते ४ लिहा. ट्रेवर नव्हे, डिस्कवर. ट्रे तर नव्या डिस्कला लागणार.

उद्या पेटीच गेली तरी हे सगळे आतून लिनक्सचे नेहमीचे एमडीएडीएम आणि एलव्हीएमच आहे. उबुंटू असलेल्या साध्या पीसीला चार डिस्क जोडून व्हॉल्यूम वाचता येतो.

आता संख्या. चार कशाला? ८ टीबीच्या दोन घ्या, मिरर करा. तिसरी ८ ची यूएसबी डब्यात, ती दुसरी प्रत. मिररमधली एकटी डिस्कही पूर्ण वाचता येते, रेड ५ मधल्या एकट्या डिस्कवरून काहीच हाती लागत नाही. चारऐवजी दोन फिरल्या की उष्णता कमी, वीज कमी, दहा वर्षांच्या पॉवर सप्लायवर सुरू होतानाचा भारही निम्मा.

अंत्रुजकर · ७ मे, दुपारी ३.१०

पण ताई, मिररमध्ये ८ चे ७.२ च मिळणार. आज माझ्याकडे साडेपाच आहेत. एवढा खर्च करून दोनच टीबी वाढणार असे समितीला कसे सांगू? १२ च्या दोन घेतल्या तर?

वाळवंटीकाठ · ७ मे, दुपारी ३.३५

वर्षाला किती भरता?

अंत्रुजकर · ७ मे, दुपारी ३.५०

काला, सप्ताह, शिगमो सगळे धरून दोनअडीचशे जीबी. चार के मध्ये कुणी शूटिंग केले तर थोडे अधिक.

वाळवंटीकाठ · ७ मे, सायंकाळी ४.१५

मग दोन टीबी सातआठ वर्षे पुरतील. तेवढी वर्षे हा डीएस४१४ जगेल असे मला वाटत नाही. जागा विकत घेऊन रिकामी ठेवण्यापेक्षा ते पैसे तिसऱ्या डिस्कवर घाला. समितीला 'जागा वाढवतोय' म्हणूच नका, 'दुसरी प्रत करतोय' म्हणा. १२ ची मिरर १६ च्या आत बसते, तांत्रिक हरकत नाही. पण मग प्रतीची डिस्कही १२ चीच लागणार, म्हणजे तीन १२ च्या.

कुळागर · ७ मे, सायंकाळी ६.०२

चारही काढायच्या, नवी सिस्टिम टाकायची, युजर नव्याने, शेअर नव्याने, परवानग्या नव्याने. माझ्या रीतीत यातले काही नाही. डोकेदुखी कुठली कमी ते बघा.

वाळवंटीकाठ · ७ मे, सायंकाळी ६.३०

हरकत रास्त आहे. पण कंट्रोल पॅनेलमधून कॉन्फिगरेशनची डीएसएस फाइल आधी काढून ठेवली की युजर, शेअर, परवानग्या परत येतात. पॅकेज मात्र नव्याने टाकावी लागतात. डीएसएम टाकायची पॅट फाइलही आधीच उतरवून लॅपटॉपवर ठेवा, ऐनवेळी नेट गेले तर पेटी नुसती लुकलुकत बसते. आणि ती डीएसएस फाइल नॅसवरच ठेवू नका म्हणजे झाले!

म्हापशाचो_शुक्रवार · ७ मे, रात्री ८.४४

लग्नाचे फोटो-व्हिडिओ हा माझा धंदा, डिस्क मी भाजीसारख्या घेतो. खरेदीचे माझ्याकडून ऐका.

एक, नॅससाठी म्हणून विकतात तीच घ्या. आयर्नवुल्फ, रेड प्लस (हे डब्ल्यूडी कंपनीच्या डिस्कचे नाव, रेड ५ मधले रेड नव्हे), एन३००, या तिन्ही मालिका सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणाऱ्या, एसएमआरच्या उलट) आहेत. नुसते 'रेड' लिहिलेली जुनी, स्वस्तात पडून राहिलेली डिस्क कुणी गळ्यात मारली तर मॉडेल नंबर वाचा. २०२० साली उघड झाले की डब्ल्यूडी रेडच्या २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलांत, ज्यांच्या नंबरात ईएफएएक्स येते त्यांत, एसएमआर वापरले होते आणि खोक्यावर तसे लिहिले नव्हते. आरडाओरडा झाल्यावर सीएमआरवाल्यांना 'रेड प्लस' हे वेगळे नाव मिळाले.

दोन, नवी म्हणून दिलेली डिस्क नवीच असते असे नाही. २०२५ च्या जानेवारीत युरोपात सीगेटच्या हजारो तास फिरलेल्या डिस्क तास शून्यावर आणून नव्या म्हणून विकल्या गेल्याचे बाहेर आले. कंपनीने नव्हे, मधल्या विक्रेत्यांनी. स्मार्टमधले (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीतले) तास पुसता येतात, पण सीगेटमध्ये 'फार्म' म्हणून वेगळी नोंद असते, स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रामच्या ७.४ आवृत्तीपासून ती वाचता येते. दोन्हींत तफावत दिसली तर परत करा. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर घालून वॉरंटी भारतातली आहे का तेही बघा, बिल फाडायच्या आधी.

तीन, ऑनलाइन मागवलीत आणि नुसत्या बुडबुड्यांच्या पिशवीत आली तर मी उघडतसुद्धा नाही. पणजीच्या किंवा मडगावच्या दुकानात चार पैसे जास्त जातात, पण वाजली तर माणूस समोर असतो.

दूधसागर_०७ · ७ मे, रात्री ९.१५

एसएमआर म्हणजे नेमके काय? सगळे त्याला शिव्या घालतात, सांगत कोणी नाही.

वाळवंटीकाठ · ७ मे, रात्री ९.४०

गावच्या घरावरची कौले डोळ्यांसमोर आण. एक दुसऱ्यावर थोडे चढलेले असते. मधले एक बदलायचे तर वरची ओळ उचलावी लागते. एसएमआरमध्ये डिस्कवरचे ट्रॅक असे एकमेकांवर चढवून लिहितात, त्यामुळे त्याच तबकडीवर जास्त मावते. वाचायला काही अडत नाही. पण मधला ट्रॅक बदलायचा तर शेजारचा अख्खा पट्टा पुन्हा लिहावा लागतो. डिस्क हे काम आधी एका राखीव जागेत साठवते आणि सवडीने उरकते. रिबिल्डमध्ये सवड मिळतच नाही. तासन्‌तास सलग लिहिणे चालू, राखीव जागा भरते, वेग रांगायला लागतो, आणि डिस्क उत्तर देईना म्हणून कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढू शकतो. एकदा भरून कपाटात ठेवायच्या प्रतीसाठी एसएमआर चालते. रेड ५ सारख्या जोडणीत नको.

दूधसागर_०७ · ७ मे, रात्री ९.५२

आता समजले. देव बरें करूं.

सत्तरीकर · ८ मे, सकाळी ६.५०

मूळ प्रश्न पावसाचा होता, त्याचे कोणी बोलेना म्हणून लिहितो. वाळपईला राहतो, वीज जाण्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

आत्ता उरका, मे महिन्यातच. जूनपर्यंत थांबलात तर पाऊस, चवथीपर्यंत थांबलात तर तोवर तीन नंबर थांबेल का ते तिला विचारा. फक्त दुपारनंतर ढग भरून आले आणि गडगडू लागले की काम हातात घेऊ नका. मेमधली वीज ऑगस्टपेक्षा वाईट.

यूपीएस आहे का? नसेल तर एक डिस्क कमी घ्या पण यूपीएस घ्या. ६०० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह पुरतो, नॅस आणि राउटर दोन्ही त्यावर. पण यूएसबीची तार नॅसला लावता येते असाच घ्या, म्हणजे बॅटरी संपत आली की नॅस स्वतः सुरक्षित बंद होतो. दुकानात स्वस्तातले बरेच यूपीएस नुसते बॅकअप देतात, तार लावायला भोकच नसते. बॅटरी तीनचार वर्षांत मान टाकते, तारीख वर लिहून ठेवा.

विजेचा धक्का फक्त प्लगातून येत नाही. तांब्याची लॅन केबल अंगणातून दुसऱ्या घरात नेली असेल तर कडाडले की राउटर, स्विच आणि नॅसचे पोर्ट एकदम जातात. आमच्या वाड्यावर झाले आहे. दोन इमारतींमध्ये फायबर घाला किंवा वायरलेस.

आणि दमट हवा. चालू असलेली डिस्क स्वतःच्या उबेने कोरडी राहते. बंद करून लाकडी कपाटात ठेवलेली जून ते सप्टेंबर बुरशी धरते, कनेक्टरवर हिरवे चढते. जुन्या चार डिस्क तिसरी प्रत म्हणून ठेवणार असाल तर अँटिस्टॅटिक पिशवीत, सिलिका जेल घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात. एसीच्या खोलीतून बाहेर आणलेली डिस्क लगेच जोडू नका, घाम फुटलेला असतो.

कुळागर · ८ मे, सकाळी ८.२०

ठीक आहे, ताईंचे म्हणणे पटले. जुना संच शाबूत राहतो हे माझ्या ध्यानात नव्हते आले. मिररमध्ये तो प्रश्न आला नाही, निघालेली डिस्क एकटीच पुरी होती.

अंत्रुजकर · ८ मे, सकाळी ११.००

समितीतला एक सभासद म्हणतो, एवढे करता तर पेटीच नवी घ्या, जुनी सुरक्षित नाही. त्याचे काय?

सुकतीभरती · ८ मे, दुपारी १२.३०

अर्धे बरोबर आहे त्याचे. डीएस४१४ ला डीएसएम ७.१ च्या पुढे वाट नाही. म्हणून सुरक्षेतले नवीन भगदाड सापडले तर ते दुरुस्त होईलच असे नाही. पण धोका कुठून येतो ते बघा. २०१४ च्या ऑगस्टमध्ये सिनोलॉकर या खंडणीच्या व्हायरसने अद्ययावत न केलेल्या सिनॉलॉजी पेट्यांतल्या फाइली कुलूपबंद केल्या. २०२२ मध्ये डेडबोल्ट या तशाच व्हायरसने क्यूनॅप या दुसऱ्या कंपनीचे नॅस असलेल्यांना तेच केले. २०२१ च्या जूनमध्ये डब्ल्यूडीच्या माय बुक लाइव्ह पेट्या, ज्यांचे अपडेट २०१५ लाच थांबले होते, लोकांच्या घरात बसल्या बसल्या कोऱ्या झाल्या. यातल्या बहुतेक पेट्या इंटरनेटवरून थेट पोहोचता येतील अशा ठेवलेल्या होत्या. तुमच्या राउटरवर नॅससाठी पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडले असेल तर आज बंद करा. क्विककनेक्ट (बाहेरून नॅस उघडण्याची सिनॉलॉजीची सोय) वापरत नसाल तर तेही बंद. मंडळाच्या खोलीत, खोलीपुरता चालणारा नॅस अजून काही वर्षे काम देईल.

नवी पेटी घ्यायची वेळ येईल तेव्हा याच ८ च्या डिस्क तिच्यात जातील. २०२५ च्या प्लस मॉडेलांत सिनॉलॉजीने आधी स्वतःच्या ठरवलेल्याच डिस्क लागतील अशी अट घातली होती, लोक भडकले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात डीएसएम ७.३ बरोबर ती बरीचशी मागे घेतली. तेव्हा तो अडसर आज नाही.

आणि कुणी ओळखीचा 'माझा डीएस४१५ प्लस घे, स्वस्तात देतो' म्हणाला तर नको म्हणा. त्यातल्या इंटेल अॅटम सी२००० मालिकेत क्लॉकचा दोष आहे, २०१७ मध्ये जाहीर झालेला. चालता चालता एक दिवस पेटी उठतच नाही. तुमचा आर्माडा त्यात येत नाही.

म्हापशाचो_शुक्रवार · ८ मे, दुपारी १.०५

नवी डिस्क आली की थेट नॅसमध्ये कोंबू नका, आधी तापवून घ्या, म्हणजे कसून चाचणी करा. पहिल्या आठवड्यात मेली तर दुकानदार निमूट बदलून देतो, महिन्याने तीच वॉरंटीच्या रांगेत जाते.

वाळवंटीकाठ · ८ मे, दुपारी १.३०

हो. पीसीला लावून स्मार्टची लांब चाचणी. ८ टीबीला बारा तासांच्या वर सहज जातात. वेळ असेल तर बॅडब्लॉक्स या प्रोग्रामची लिहून-वाचून चाचणी, पण चार नमुने प्रत्येकी लिहायचे आणि वाचायचे म्हणजे चार दिवस धरा. ८ टीबीला ब्लॉकचे माप ४०९६ द्यायला विसरू नका, नाहीतर आकडा मावत नाही म्हणून ते सुरूच होत नाही. चाचणी डिस्कवरचे सगळे पुसते, म्हणून पीसीत दुसरी कामाची डिस्क असेल तर तिची तार आधी काढा.

चाचणीनंतर पाहायचे ते स्मार्टमधल्या ५, १९७, १९८ या नोंदी (रीअॅलोकेटेड, पेंडिंग आणि न वाचता येणारे सेक्टर). तिन्ही शून्य हव्यात. १९९ (तारेतून जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल किंवा कनेक्टर बघा, आमच्या खाऱ्या हवेत बहुतेक वेळा तीच भानगड असते.

एक राहिले. घेताना ५१२ई (जुन्या पेट्यांना ५१२ बाइटचे सेक्टर दाखवणारी) बघून घ्या. ४केएन नावाचा प्रकार जुन्या पेट्या ओळखत नाहीत.

मोरजीचा_वारा · ८ मे, दुपारी ४.२०

माझ्याकडे जुना एचपी मायक्रोसर्व्हर एन५४एल आहे, त्यात मोठी डिस्क घालताना ट्रेची मधली स्क्रूची भोके जुळेनात. डिस्क खराब नाही ना?

सुकतीभरती · ८ मे, सायंकाळी ५.००

नाही. मोठ्या क्षमतेच्या बऱ्याच डिस्कांत तबकड्या वाढल्यामुळे मधल्या भोकांची जागा बदलली आहे. टोकाकडची भोके जुळतात, दोनदोन स्क्रू पुरतात. यूएसबी डब्यातून काढलेली डिस्क असेल आणि फिरतच नसेल तर ते वेगळे. सॅटाच्या ३.३ व्होल्टच्या तिसऱ्या पिनवर कॅप्टॉन टेप (वीज न जाऊ देणारी चिकटपट्टी) लावून बघा. नव्या डिस्क त्या पिनवर वीज आली की बंद राहण्याचा हुकूम समजतात.

अंत्रुजकर · २७ मे, रात्री ९.३०

झाले मंडळी. ८ च्या तीन डिस्क आणि तारेचा यूपीएस, समितीने शेवटी कुरकुर न करता दिले. 'दुसरी प्रत' हा शब्द लागू पडला.

आधी नव्या डिस्कची चाचणी केली. मग त्यातली एक यूएसबी डब्यात घालून, ईएक्सटी४ करून, नॅसच्या मागच्या यूएसबी ३ ला लावली आणि सगळे तिच्यावर उतरवले. एनटीएफएसवर आधी थोडे करून पाहिले होते, या प्रोसेसरला ते झेपत नाही, वेग फारच खाली येतो. नंतर दोन्हीकडच्या फाइलींचे चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते सांगणारा आकडा) जुळवले.

काही फाइली मात्र वाचताच आल्या नाहीत, नॅस त्यांच्यावर येऊन अडकत होता. सगळ्या एकाच वर्षीच्या काल्यातल्या नाटकाच्या. म्हणजे तीन नंबर एकटी नव्हती, दुसऱ्या कुठल्यातरी डिस्कवरही तिथेच खोट होती. एकेक बदलत गेलो असतो तर रिबिल्ड नेमके तिथे येऊन थांबले असते. सुदैवाने त्या वर्षीच्या मिनी डीव्ही कॅसेट ज्यांनी शूट केले त्यांच्या घरी अजून आहेत. कॅमेरा चालू झाला तर पुन्हा उतरवू.

नव्या मिररवर माल परत घातला, डीएसएस फाइलवरून युजर आले. राउटरवरचे पोर्ट बंद केले (कुणीतरी उघडून ठेवले होते, कोण ते अजून कळले नाही). डिस्क चाळीसच्या खाली राहतात, आधी सेहेचाळीस-सत्तेचाळीसला जायच्या. पंखा काढून पुसला, त्यातून निघालेली धूळ बघून समितीचे सगळे गप्प झाले.

प्रतीची डिस्क माझ्या मावशीकडे म्हापशाला राहील. महिन्यातून एकदा आणायची, आरसिंक करायचे (नवे-बदललेले तेवढे उतरवायचे), परत न्यायची.

सुकतीभरती · २७ मे, रात्री १०.०५

उत्तम. अजून एक करा : स्मार्टची लांब चाचणी दर महिन्याला लावून ठेवा. न वाचता येणारा सेक्टर दुसरी डिस्क धड असतानाच सापडायला हवा.

कुळागर · २८ मे, सकाळी ८.१०

मी कालच राउटर उघडून पाहिला. माझेही पोर्ट उघडे होते.

दूधसागर_०७ · २८ मे, सकाळी ९.००

अंत्रुजकरबाब, त्या २ टीबीच्या जुन्या डिस्क विकणार असाल तर सांगा, माझा टू-बे रिकामा आहे.

अंत्रुजकर · २८ मे, सकाळी ९.२५

विकणार नाही. कॅसेट उतरून होईपर्यंत चारही डब्यात, सिलिका जेल घालून. त्यानंतरही तुला देणार नाही, त्या कुठल्या अवस्थेत आहेत ते वर लिहिले आहेच. त्यापेक्षा तुझ्या टू-बेचे मॉडेल आणि प्रोसेसर इथे टाक, त्यात किती टीबीपर्यंत जाते ते ताई सांगतील.